शेवटच्या नळाची नोंद कोण ठेवतो?

कर्जत-खालापूरच्या डोंगरावर पाऊस लागला की खालच्या वस्तीत दोन-तीन दिवसांतच नळाला गढूळ पाणी येते. पहिले दोन हंडे आपण ओतून देतो, तिसरा भरून ठेवतो. आठवडा उलटत नाही तोच एका घरातल्या लहानग्याला जुलाब लागतात. मग शेजारच्या आजीला, मग समोरच्या घरात दोघांना. प्रत्येक घर आपापला दवाखाना गाठते. कोणी सलाईन लावून घेतो, कोणी इंजेक्शन. आठवड्याची मजुरी तिथेच संपते. घरातली जुनी माणसे म्हणतात, "नव्या पाण्यानं व्हायचंच."

पाणी नवे आहे म्हणून कोणी आजारी पडत नाही. पाण्यात मैला मिसळला म्हणून पडतो. तो कुठे मिसळला हे शोधता येते, आणि तो मिसळू न देणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम असते. त्या कामाची नोंदही कुठेतरी असते. ती नोंद आपल्या वस्तीपर्यंत पोहोचते का, हे तपासायला आपण शिकलो तर दरवर्षीचे हे दुखणे पुष्कळ कमी होईल.

रोग कोणत्या वाटेने येतो?

कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, माथेरानवर त्याहूनही जास्त. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणारे पाणी उल्हास नदीला मिळते, खोपोलीच्या वीजकेंद्राचे पाताळगंगेला. त्यामुळे या नद्या उन्हाळ्यातही वाहत्या राहतात. तरीही एप्रिल-मे महिन्यांत याच दोन तालुक्यांतल्या डोंगराकडच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. चार महिने पाणी अंगावर येते आणि तीन महिने पाण्यासाठी पायपीट होते. आपल्याकडचे बहुतेक साथीचे आजार या दोन टोकांमधून जन्मतात.

पहिली वाट नळाच्या पाइपची. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसते. सकाळी तास-दोन तास येते आणि बंद होते. पाणी चालू असताना पाइपात दाब असतो, तेव्हा फुटक्या जागेतून पाणी बाहेर गळते. पाणी बंद झाले की दाब जातो आणि रिकामा होणारा पाइप त्याच फटीतून बाहेरचे पाणी आत ओढतो. पाइप गटारातून किंवा गटाराला चिकटून गेला असेल तर ते बाहेरचे पाणी म्हणजे गटाराचे पाणी. दुसऱ्या दिवशी नळ सुटला की सर्वात आधी तेच आपल्या हंड्यात येते. म्हणून सुरुवातीचे पाणी गढूळ असते, आणि म्हणूनच नळ येताच भरलेला पहिला हंडा पिण्यासाठी कधीही वापरू नये.

दुसरी वाट विहिरीची आणि हातपंपाची. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर, म्हणजे सुमारे ५० फूट दूर हवा. आपल्याकडे जमिनीखाली काळा कातळ आहे. त्याला भेगा असतात आणि पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा खड्डा जुलैमध्ये पाण्याने भरतो आणि भेगांमधून ते पाणी विहिरीकडे सरकते. हातपंपाचा ओटा फुटला असेल, त्याच्याभोवती गुरे बांधली असतील किंवा तिथेच कपडे-भांडी धुतली जात असतील, तर सांडपाणी पुन्हा त्याच पंपाखाली मुरते. जुलाब, पटकी, विषमज्वर आणि कावीळ या दोन वाटांनी घरात शिरतात.

तिसरी वाट साठवलेल्या पाण्याची. नळ एक दिवसाआड येतो म्हणून आपण पिंप, बॅरल, टाकी भरून ठेवतो. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, न हलणाऱ्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करायला सांगतात. अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात. नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही, आतून घासावे लागते. ज्या वस्तीला रोज पाणी मिळते, तिला एवढे साठवावे लागत नाही. म्हणजे डेंग्यूचाही धागा पाणीपुरवठ्यापर्यंत जातो.

चौथी वाट चिखलाची. उंदीर आणि गुरे यांच्या मुतातून लेप्टोचे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायावरच्या जखमेतून अंगात शिरतात. भातलावणीला जाणाऱ्या बाया, गटार साफ करणारे कामगार आणि पुराच्या पाण्यातून चालणारी मुले यांना हा धोका जास्त असतो.

लंडनचा पंप आणि नगरांचे अहवाल

रोगाची वाट शोधायची पद्धत फार जुनी नाही. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीने दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. तेव्हा डॉक्टरही म्हणत होते की रोग घाण वासातून पसरतो. डॉ. जॉन स्नो घरोघर फिरले. कोणत्या घरात कोण दगावले आणि ते घर पाणी कुठून आणत होते, हे त्यांनी विचारले. बहुतेक मृत्यू एका सार्वजनिक पंपाच्या आसपासचे निघाले. ८ सप्टेंबरला त्या पंपाची मूठ काढून टाकण्यात आली. पटकीचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला जाण्याआधी एका डॉक्टरने घरांची मोजदाद करून त्याचा रस्ता दाखवला होता.

पुढे ही मोजदाद इंग्लंडमधल्या स्थानिक संस्थांचे नेहमीचे काम झाली. लिव्हरपूल शहराने १८४७ मध्ये डॉ. विल्यम हेन्री डंकन यांना आरोग्य अधिकारी म्हणून नेमले. त्या देशातले ते पहिले. १८७२ च्या कायद्याने असा अधिकारी नेमणे स्थानिक मंडळांना सक्तीचे झाले. आपल्या नगरपरिषदेसारखी तिथे बरो असे. प्रत्येक बरोचा आरोग्य अधिकारी दरवर्षी छापील अहवाल देई. वर्षात किती मुले जन्मली, किती दगावली, कोणत्या साथीचे किती रुग्ण झाले, किती घरांत नळ नाही, किती घरे राहण्यालायक नाहीत, निरीक्षकाने किती गटारे तपासली आणि त्यांपैकी किती दुरुस्त झाली, हे सगळे त्यात असे. १९७४ मध्ये ते पद बंद होईपर्यंत ही पद्धत चालली.

इंग्लंड म्हटले की आपल्याला सगळे आधीपासूनच सुधारलेले वाटते. १९५१ च्या जनगणनेत तिथल्या सुमारे ३७ टक्के कुटुंबांकडे आंघोळीचा कायमचा टब नव्हता. हे आपल्याला आज कळते, कारण ते मोजले गेले होते. १९०० साली इंग्लंड-वेल्समध्ये जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे १५४ मुले वर्षाची होण्याआधी दगावत होती. १९४० पर्यंत हा आकडा ५७ वर आला. पेनिसिलिन अजून सामान्य माणसाच्या हाती आले नव्हते. नळ, गटार, बरे घर, बरे दूध, बाळंतिणीच्या घरी जाणारी परिचारिका आणि दरवर्षी जाहीर होणारा हिशेब, यांचा त्यात मोठा वाटा होता.

अशा अहवालांत सगळ्या शहराची सरासरी असे, पण अनेक अधिकारी प्रभागांचे आकडे वेगळे देत. सरासरीत शहर बरे दिसे आणि गरीब प्रभागाचा आकडा वेगळे सांगे. आपल्यासाठी धडा इथेच आहे.

ठराव झाला म्हणजे पाणी मिळाले असे नाही

हा धडा आपल्या जिल्ह्याला नवा नाही. रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. नगरपालिकेच्या दप्तरात तळे खुले होते, पण आपल्या माणसांना तिथे एक ओंजळ पाणी घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह ते पाणी घेतले. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.

आज नळाला हात लावायला कोणी अडवत असेल तर तो गुन्हा आहे. पण दप्तरातले पाणी आणि हंड्यातले पाणी यांतले अंतर वेगळ्या रूपात अजून दिसते. पुष्कळ गावांत बौद्धवाडा गावाच्या खालच्या अंगाला किंवा पाइपच्या शेवटच्या टोकाला असतो. गावाचे सांडपाणी त्याच्याकडे वाहत येते आणि नळाचे पाणी त्याच्यापर्यंत सर्वात शेवटी व सर्वात कमी दाबाने पोहोचते. टाकीजवळ घेतलेला नमुना चांगला निघाला की दप्तरात लिहिले जाते, "गावाचे पाणी पिण्यास योग्य." ती नोंद खोटी नसते. फक्त ती आपल्या नळाची नसते.

जबाबदारी कोणाची?

खेड्यात पाणीपुरवठा, गटारे आणि साफसफाई हे ग्रामपंचायतीचे काम आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ मध्ये ते दिलेले आहे. कर्जत, खोपोली आणि माथेरानच्या नगरपरिषदा व खालापूरची नगरपंचायत यांच्या हद्दीत १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागू होतो. त्यातही ही कामे संस्थेच्या बंधनकारक कर्तव्यांत आहेत. कोणी मेहेरबानी म्हणून ती करत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात मांडली गेली. आज नेरळ, कळंब, लोहोप, वावोशी अशा ठिकाणी ही केंद्रे आहेत. केंद्राचे कर्मचारी पाण्याचे नमुने घेतात आणि ताप, जुलाब, काविळीच्या रुग्णांचा आकडा वर पाठवतात. जो रुग्ण खासगी दवाखान्यात सुई घेऊन घरी येतो, तो बहुधा या आकड्यात येत नाही. वस्तीतली दहा माणसे आजारी पडून दहा खासगी दवाखान्यांत गेली तर सरकारी कागदावर त्या वस्तीत साथ झालेलीच नसते. म्हणून उपचार कुठेही घ्या, पण आशाताईंना सांगा.

पाण्याच्या स्रोतांची वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाहणी होते. त्यावरून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. लाल म्हणजे धोका जास्त. आपल्या ग्रामपंचायतीचे कार्ड कोणते, हे विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

पैशाचेही माहीत असावे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना, जिला आपण अजून दलितवस्ती सुधार म्हणतो, तिच्यातून पाणी, गटार, रस्ता अशी कामे होतात. त्यासाठी वस्तीचा बृहत आराखडा तयार केला जातो. आपली वस्ती आणि आपले गटार त्या आराखड्यात आहे का, ते पाहा. आराखड्यात नसलेल्या कामाला पैसा मिळवणे अवघड जाते.

टीसीएलची मूठ आणि शेवटचा नळ

विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकतात. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. आपल्या दमट हवेत उघडे पोते पडून राहिले की ते उडून जाते. वीस टक्क्यांखाली गेलेली पावडर म्हणजे जवळजवळ चुनाच.

मात्राही पाण्यावर ठरते. तीन मीटर व्यासाची विहीर घ्या. उन्हाळ्यात तिच्यात दोन मीटर पाणी असेल तर ते सुमारे १४ हजार लिटर होते. जुलैत पाणी पाच मीटरवर चढले की तीच विहीर ३५ हजार लिटरची होते. उन्हाळ्यात जेवढी पावडर पुरत होती, तेवढीच पावसाळ्यात टाकली तर ती निम्म्याहूनही कमी पडते. त्यात पाणी गढूळ असले तर क्लोरीन गाळातच खर्च होते. साथीचे दिवस तेच असतात.

क्लोरीन पोहोचले की नाही, हे पाहणे सोपे आहे. जलसुरक्षकाकडे ओटी नावाच्या चाचणीचे द्रावण असते. नमुन्यात त्याचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते. पिवळे झाले तर क्लोरीन आहे, रंग आला नाही तर नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. जलसुरक्षकांना अगदी आदराने सांगा, "दादा, एक चाचणी आमच्या वाड्याच्या शेवटच्या नळावर आमच्यासमोर करा, आणि जागेसकट वहीत लिहा." टाकीवर पिवळा रंग आला आणि शेवटच्या नळावर आला नाही, तर मधल्या पाइपात गळती आहे किंवा घाण शिरते आहे, असा संशय घ्यायला पक्के कारण मिळते. मग पाइप शोधायचा, माणसांना दोष द्यायचा नाही.

वस्तीचा नकाशा काढा

डॉ. स्नो यांनी केले ते आपली शाळकरी मुलेही करू शकतील. विहाराच्या भिंतीवर मोठा कागद लावा. घरे, नळ, हातपंप, विहीर, गटार, शौचालयांचे खड्डे आणि पाइपचा मार्ग काढा. पाइप गटाराला कुठे ओलांडतो तिथे फुली मारा. जून ते सप्टेंबर ज्या घरात जुलाब, कावीळ किंवा ताप येईल, त्या घरावर तारीख टाका. रुग्णाचे नाव लिहू नका, घर पुरेसे आहे. एका आठवड्यात एकाच नळावरच्या दोन-तीन घरांवर तारखा पडल्या तर त्याच दिवशी आशाताईंना आणि आरोग्य केंद्राला कळवा. दहाव्या रुग्णाची वाट पाहू नका.

हा कागद घेऊन ग्रामसभेला जा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास सभा होतात. त्याआधीच्या महिला सभेलाही जा, कारण पाणी भरणाऱ्या त्याच असतात. "गटार दुरुस्त करा" एवढे बोलून बसू नका. लेखी द्या : "अमुक घरापासून अमुक घरापर्यंत इतके फूट पाइप गटारातून गेला आहे, तो बदलावा." पोच घ्या. इतिवृत्तात विषय लिहिला गेला का, हे सभा संपण्याआधी वाचून घ्या. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून क्लोरीन चाचणीची वही, पाण्याच्या तपासणीचे अहवाल आणि वस्तीवर झालेला खर्च मागता येतो. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही.

एक गोष्ट आपल्या घरची. मैल्याची टाकी भरली की वस्तीतल्याच एखाद्या पोराला पैसे देऊन आत उतरवतात. आतला वायू क्षणात जीव घेतो आणि वाचवायला उतरलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्याने असे काम करून घेणे गुन्हा आहे. मैला उपसणारी गाडी मागवा. पैशासाठी आपल्या माणसाला उतरू देऊ नका, दुसऱ्याच्या माणसालाही नाही.

तोवर घरात एवढे करा

• नळाचे पहिले पाणी वापरा-सांडायला घ्या, पिण्याचे नंतर भरा. गढूळ पाण्यात तुरटी फिरवून निवळू द्या, गाळून घ्या आणि खळखळ उकळा. पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे ठेवा, हात बुडवू नका.

• जुलाब लागताच ओआरएस सुरू करा. एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळा आणि २४ तासांत संपवा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नका. लहान मुलाला झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात. त्या आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मिळतात.

• मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त आले किंवा पाणीही पोटात राहत नसेल तर वेळ न घालवता आरोग्य केंद्र किंवा कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय गाठा.

• पावसाळ्यात ताप, पोटऱ्यांत जबर दुखणे आणि लाल डोळे दिसले तर डॉक्टरांना सांगा, "मी चिखलात काम केले आहे." लेप्टोचा संशय यायला हे एक वाक्य पुरते. पायाला जखम असेल तर बूट घाला. गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका, आरोग्य केंद्रात विचारा.

• आठवड्यातून एक दिवस पिंप-बॅरल आतून घासून कोरडे करा आणि झाकण लावा.

पाणी उकळणे हा आपला बचाव आहे, पाणीपुरवठ्याची ती जागा घेऊ शकत नाही. रोज गॅस जाळून पाणी उकळणाऱ्या आईने तिच्या वाट्याचे काम केलेले असते. ज्यांच्या वाट्याचे राहिले आहे त्यांच्या वहीत आपल्या शेवटच्या नळाची नोंद यंदाच्या पावसाळ्यात पडली पाहिजे.